इसवीसनपूर्व ३३८४ सालचं घर

गिझाच्या महापिरॅमिडला अजून आठशे वर्षं अवकाश होता, तेव्हा कॉन्स्टन्स सरोवराच्या स्वित्झर्लंडकडच्या काठावर, आर्बोन इथे, एका गावातलं पहिलं घर उभं राहिलं. साल इसवीसनपूर्व ३३८४. ‘सुमारे’ नाही, ‘अंदाजे’ नाही, नेमकं ३३८४! अक्षर कशाशी खातात हे ठाऊक नसलेल्या माणसांचं हे गाव. मग त्याची जन्मतारीख राखली कुणी?

जमिनीत ठोकलेल्या लाकडी खांबांनी. झाड दरवर्षी एक वलय धरतं. चांगल्या वर्षी रुंद, वाईट वर्षी अरुंद. एकाच प्रदेशातल्या झाडांत हा क्रम सारखाच उमटतो. आजच्या झाडापासून जुन्या तुळयांपर्यंत वलयांचे क्रम जुळवत मागे जायचं. सालीलगतचं शेवटचं वलय शाबूत असेल, तर झाडावर कुऱ्हाड कोणत्या वर्षी पडली ते कळतं, कधीकधी ऋतूसुद्धा.

पण पाच हजार वर्षं लाकूड टिकलंच कसं? पाणथळ गाळात प्राणवायू पोहोचत नाही आणि त्याच्याविना कुजवणारे जीव हतबल होतात. त्यामुळे जे एरवी आधी नाहीसं व्हायचं, तेच इथे उरलं. अशाच दुसऱ्या सरोवरकाठच्या गावांत पाहा: रोबेनहाउझेनला जवसाच्या धाग्याचं कापड मिळालं. हॉर्नश्टाडला बर्चच्या सालीपासून केलेल्या राळेचे चघळलेले गोळे सापडले, दातांच्या ठशांसकट! आर्बोनला तर शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्याही राहिल्या. हिवाळ्यात त्यांना झाडपाला खायला घालत, हे त्या लेंड्यांवरूनच कळलं. माणसांच्या विष्ठेत माशांतून येणाऱ्या पट्टकृमीची अंडी निघाली. म्हणजे मासे कच्चे किंवा अर्धेकच्चे खाल्ले जात. सोन्याच्या मुकुटापेक्षा मला ही लेंडी मोलाची वाटते. मुकुट एका राजाबद्दल बोलतो, लेंडी अख्ख्या गावाच्या हिवाळ्याबद्दल.

पंधराएक वर्षांतच आर्बोनचं हे गाव आगीत गेलं.

अशा गावांचा शोध लागला तो दुष्काळामुळे. १८५३-५४च्या हिवाळ्यात झ्युरिक सरोवराचं पाणी खूप ओसरलं आणि ओबरमाइलेनला चिखलातून खांबांची दाटी वर आली. शाळामास्तर योहानेस एप्ली यांनी खबर दिली आणि पुरातत्त्व-अभ्यासक फर्डिनांड केलर यांनी निष्कर्ष काढला, की लोक पाण्यावर मचाण बांधून राहत असत. हे चित्र फारच देखणं होतं, म्हणूनच बहुधा ते शंभर वर्षं टिकलं. पुढच्या उत्खननांनी ते मोडलं. बरीच घरं ओलसर काठावर होती, काही अधूनमधून पुराच्या पाण्यात जाणारी. सरोवराची पातळीही चढत-उतरत असे.

२०११ साली युनेस्कोने आल्प्सभोवतीच्या सहा देशांतली अशी १११ स्थळं जागतिक वारशात घेतली. त्याच सुमारास झ्युरिकच्या ऑपेरागृहासमोर भूमिगत वाहनतळासाठी खोदताना एक अख्खं लाकडी दार सापडलं, पाच हजार वर्षांपूर्वीचं. झ्युरिकला गेलात तर त्या वाहनतळात जरूर उतरा. उत्खननाची माहिती तिथेच मांडून ठेवली आहे.