धास्ती शिकलेले स्नायू

व्हजायनिस्मस या विकारात योनिमार्गाच्या बाहेरच्या एक-तृतीयांश भागाभोवतीचे स्नायू बाईच्या मनात नसताना आवळले जातात. संभोगाचा प्रयत्न असो, दवाखान्यातली तपासणी असो की पाळीचा कप बसवायचा असो, स्पर्श व्हायच्या आधीच मांड्या जुळतात, कंबर वर उचलली जाते, श्वास अडकतो. त्यापुढे जोर केला तर आग होते, दुखते, आणि पुढच्या खेपेला स्नायू आणखी लवकर आवळतात. योनिमार्ग अरुंद नसतो. बहुतेकींच्या शरीररचनेत कसलीही खोट नसते आणि नवऱ्याविषयीची ओढही पुष्कळदा शाबूत असते. पहिल्यापासूनच हा त्रास असेल तर तो प्राथमिक. आधी सारे सुरळीत असून बाळंतपणातले टाके, जंतुसंसर्ग, रजोनिवृत्ती किंवा अत्याचार यांनंतर सुरू झाला तर दुय्यम.

दुय्यम प्रकाराचे कोडे रानात अनवाणी फिरलेल्याला चटकन उमगेल. पायात मोडलेला काटा निघतो, जखम भरते, तरी पाऊल काही दिवस जपूनच पडते; कोणी ते ठरवून तसे टाकत नाही. बुरशीचा संसर्ग औषधाने गेल्यावरही ओटीपोटाच्या तळाचे स्नायू राखण सोडत नाहीत, ते याच चालीने.

या विकाराला आजचे नाव दिले जेम्स मॅरियन सिम्स या अमेरिकी शल्यविशारदाने, 1861 मध्ये लंडनच्या ऑब्स्टेट्रिकल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात. त्याचा उपचार होता चाकू: योनिपटल कापून काढायचे, योनिमुखाशी छेद द्यायचे आणि जखम भरेपर्यंत काचेची नळी, म्हणजे डायलेटर, रोज काही तास आत ठेवायची. सिम्सच्याच 1866 च्या पुस्तकात एक विलक्षण हकिगत आहे. एका जोडप्याच्या घरी डॉक्टर ठरावीक दिवशी जात, बाईला ईथरने बेशुद्ध करत आणि त्या अवस्थेत नवरा संभोग करी. बाईला दिवस गेले. आजच्या वाचकाच्या अंगावर काटा यावा अशी ही गोष्ट सिम्सने नोंदवून ठेवली. तिचा शास्त्रीय अर्थ मात्र त्याच्या हातून निसटला. शुद्ध हरपताच जी अडचण नाहीशी होते ती मांसात नाही, मज्जासंस्थेच्या सवयीत आहे. मग कापायचे काय? सिम्सचा लौकिक पुढे वेगळ्याच कारणाने डागाळला. अलाबामात 1840 च्या दशकात अनार्का, बेट्सी, लूसी आणि इतर गुलाम स्त्रियांवर त्याने भूल न देता वारंवार शस्त्रक्रिया केल्या होत्या. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा एप्रिल 2018 मध्ये हलवण्यात आला. व्हजायनिस्मसच्या उपचारातून पुढे चाकू गळाला. काचेच्या नळीची जागा प्लास्टिक आणि सिलिकॉनने घेतली.

उपचार बदलले तरी तपासणीपर्यंत बाई पोहोचायला हवी. या बाबतीत जगाला भानावर आणणारा अभ्यास गडचिरोलीत झाला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली आणि निष्कर्ष जानेवारी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता आणि दर स्त्रीमागे सरासरी 3.6 आजार होते. हा 92 चा आकडा पुढे शेकडो वेळा उद्धृत झाला. त्याच निबंधातला दुसरा आकडा त्या मानाने उपेक्षित राहिला, आणि या विषयापुरता तोच मोलाचा आहे: पूर्वी कधी स्त्रीरोगाची तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या 8 टक्के. तो अभ्यास व्हजायनिस्मसचा नव्हता. पण संसर्ग झालेली बाई निदान टेबलावर झोपू शकते. व्हजायनिस्मस तपासणीलाच आडवा येतो. त्यामुळे अशी बाई दवाखान्यात आलीच तर ‘मूल होत नाही’ एवढीच तक्रार घेऊन येते. संभोग झाला आहे की नाही हे तिला कोणी विचारत नाही आणि ती आपणहून सांगत नाही. शहरांत अशी जोडपी थेट वंध्यत्वाच्या महागड्या उपचारांवर जातात. खेड्यात सासर तिला माहेरी धाडते, कोणी बाहेरची बाधा म्हणते.

डॉक्टरी शिक्षणानेही या गैरसमजांना हातभार लावला. ‘कौमार्याची चिन्हे’ हा भाग 2019 पर्यंत महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात होता. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी त्याला शास्त्रीय आधार नसल्याचे दाखवून तो वगळायला लावला. योनिमार्ग घट्ट की सैल, यावरून बाईचा पूर्वेतिहास कळत नाही. बलात्कारपीडितेची दोन बोटांची चाचणी करणाऱ्यावर गैरवर्तनाची कारवाई होईल, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2022 मध्ये बजावले. पहिल्या रात्री रक्त आणि वेदना ठरलेल्याच, हे ऐकत वाढलेल्या मुलीचे स्नायू त्या रात्री आवळले तर नवल कसले? ‘सर्च’च्या ‘तारुण्यभान’ शिबिरांमध्ये राणी बंग तरुण-तरुणींशी शरीराविषयी उघड बोलत आल्या. ते काम लैंगिक शिक्षण म्हणून ओळखले जाते. प्रतिबंधक औषध म्हणूनही त्याची गणना व्हायला हरकत नाही.

स्नायूंच्या या वागण्यावर हॉलंडमधल्या संशोधकांनी केलेला 2001 चा एक प्रयोग फार बोलका आहे. स्त्रियांना चित्रपटांचे तुकडे दाखवले: काही साधे, काही प्रणयाचे, काही भीतीचे, काही लैंगिक धोक्याचे. त्याच वेळी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची आणि खांद्यावरच्या स्नायूची विद्युत हालचाल मोजली. धोक्याचे प्रसंग आले की दोन्ही ठिकाणचे स्नायू ताठ होत, आणि लैंगिकतेचा लवलेश नसलेल्या भीतीच्या दृश्यांनीही तेच घडे. व्हजायनिस्मस असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांत या बाबतीत फरक आढळला नाही. म्हणजे भ्यायल्यावर खांदे जसे कानांकडे चढतात तसा ओटीपोटाचा तळही वर ओढला जातो. ती सगळ्यांच्याच शरीराची रीत आहे. पुढच्या अभ्यासांत असेही दिसले की व्हजायनिस्मसच्या अनेकींमध्ये तपासणीच्या वेळी ठळक आकडी सापडतच नाही. इतर वेदनाविकारांपासून त्यांना वेगळे ठरवते ती भीती आणि टाळाटाळ. आकडीच्या आधारे दोन्ही नीट वेगळे करता येईनात, म्हणून 2013 मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेने हा विकार आणि संभोगवेदना यांना एकाच निदानाखाली आणले.

भीती शिकलेली असेल तर ती विसरवताही येईल, हा विचार प्रयोगशाळेत आणला जोहान्सबर्गच्या जोसेफ वोल्पे याने, मांजरांवर. पिंजऱ्यात विजेचा झटका बसलेली मांजरे त्या पिंजऱ्यात अन्नाला तोंड लावेनात. ती खोलीही त्यांना नकोशी झाली. वोल्पेने त्या खोलीशी जरासेच साम्य असलेल्या दुसऱ्या खोलीत त्यांना खाऊ घातले, मग जास्त सारख्या खोलीत, मग त्या खोलीत पण पिंजऱ्यापासून लांब, मग जवळ. शेवटी मांजरे पिंजऱ्यात बसून निवांत जेवू लागली. माणसांसाठी त्याने अन्नाऐवजी एडमंड जेकबसनची 1929 ची स्नायुशिथिलीकरणाची पद्धत घेतली: एकेक स्नायुगट मुद्दाम आवळायचा, मग सोडायचा, आणि दोन्ही स्थितींतला फरक ओळखायला शिकायचे. डायलेटर उपचार म्हणजे वोल्पेची पायऱ्यापायऱ्यांची युक्ती आणि जेकबसनचा सराव यांची जोडी आहे. नावावरून ‘ताणून मोठे करणे’ असा अर्थ अनेक जणी, आणि काही डॉक्टरही, घेतात. इथे काही ताणायचे नसतेच.

सुरुवात निदानाने होते. संसर्ग, योनिमुखाची जुनाट वेदना, एंडोमेट्रिओसिस, योनीतला जन्मजात पडदा, रजोनिवृत्तीनंतरची कोरड ही कारणे आधी पाहावी लागतात. त्यांचा उपचार वेगळा आहे. तपासणी स्त्री डॉक्टरने करावी, आरसा देऊन बाईला स्वतःचे अवयव दाखवावेत, आणि ‘थांबा’ म्हटल्याबरोबर थांबावे. पहिल्या भेटीत नुसते बोलणे झाले तरी पुष्कळ. उपचार चालू असेपर्यंत संभोगाचे प्रयत्न पूर्ण बंद ठेवायचे, हे नवऱ्यालाही समोर बसवून सांगावे लागते. रोज रात्रीची परीक्षा टळली की निम्मा ताण तिथेच उतरतो.

मग श्वास. छातीतला पडदा आणि ओटीपोटाचा तळ एका लयीत हलतात. पोट फुगेल असा खोल श्वास घेतला की दोन्ही खाली सरकतात, सोडला की वर येतात. त्यामुळे ढिलेपणा शिकण्याचा क्षण श्वास घेतानाचा असतो. उकिडवे बसल्यावर हे स्नायू आपोआप लांबतात, आणि त्या बैठकीत चंद्रपूर-गडचिरोलीतल्या बाईला काही नवीन शिकवावे लागत नाही. बालासन आणि सुप्तबद्धकोनासन यांचाही उपयोग होतो. अर्नोल्ड केगेल याने 1948 मध्ये सुचवलेला स्नायू आवळण्याचा व्यायाम हल्ली प्रत्येक बाईला सरसकट सांगितला जातो. तो मूळचा बाळंतपणाने सैल झालेल्या स्नायूंसाठी, लघवी ठिबकू नये म्हणून. व्हजायनिस्मसमध्ये स्नायू आधीच आवळलेले असतात. इथे आवळणे केवळ सोडणे कळावे म्हणून एखाद-दोनदा, आणि लक्ष सारे सोडण्याकडे.

श्वास जमला की स्पर्श: आधी बाहेरून, मग स्वतःच्या स्वच्छ, नख कापलेल्या बोटाचे टोक. ज्यांना डायलेटर मिळत नाही त्यांचे बरेचसे काम बोटावरच भागते, हे विक्रेते सांगत नाहीत. संचात साधारण करंगळीपासून पुढे वाढत जाणारी मापे असतात. सिलिकॉनच्या डायलेटरला पाण्यावर आधारित वंगण लावावे. सिलिकॉनच्या वंगणाने तो खराब होतो. खोबरेल तेल लावले तर कंडोमचे रबर विरते, हेही माहीत हवे. श्वास घेताना किंचित खाली कळ द्यायची, म्हणजे मुख उघडते, आणि तेवढ्यात टोक आत सरकवायचे. मग हलवायचे नाही. पाच-दहा मिनिटे तसेच राहून श्वास चालू ठेवायचा. अस्वस्थ वाटणे चालेल, दुखणे नाही. दुखले तर मागचे माप घ्यायचे. झाल्यावर साबणाने धुऊन कोरडे करायचे. एका खोलीच्या घरात आडवे व्हायला एकांत कुठला, हा प्रश्न खरा आहे. न्हाणीत एक पाय उंच ठेवून किंवा उकिडवे बसूनही हा सराव होतो. आठवड्यातून तीन-चारदा असे काही आठवडे, कधी काही महिने. पुढे नवऱ्याचे बोट, नंतर बाईने वर राहून, वेग आणि खोली स्वतःच्या हाती ठेवून संभोग. डायलेटर ते नवरा ही पायरी सगळ्यांत अवघड, आणि घाई नेमकी तिथेच होते.

या उपचाराच्या यशाचे दावे मात्र जपून वाचावेत. मास्टर्स आणि जॉन्सन या विख्यात संशोधक जोडीने 1970 मध्ये 29 स्त्रियांवर उपचार करून सगळ्या बऱ्या झाल्याचे लिहिले. शंभर टक्के! तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि यश कशाला म्हणायचे याची त्यांची मोजपट्टी पुढच्या टीकाकारांना सापडेना. हॉलंडमध्येच 117 स्त्रियांवर काटेकोर चाचणी झाली तेव्हा तीन महिन्यांच्या वर्तनोपचारानंतर संभोग शक्य झालेल्या निघाल्या 14 टक्के. तिथेच न थांबता डच संशोधकांनी पद्धत बदलली. 2013 च्या चाचणीत 35 जणींनी रुग्णालयात, स्त्री उपचारकाच्या सोबतीने, स्वतःच्या हातांनी हाच सराव केला: एका आठवड्यात दोन-दोन तासांची जास्तीत जास्त तीन सत्रे, आणि त्यानंतर घरी सराव. 31 जणींना संभोग शक्य झाला. वाट पाहणाऱ्या 35 जणींच्या गटात फक्त 4. साधने जवळपास तीच होती. वाढली ती शेजारी बसलेल्या, न घाबरणाऱ्या बाईची सोबत. बोटॉक्सच्या इंजेक्शनांची जाहिरात अलीकडे जोरात असते. त्याचा पहिला रुग्ण 1997 मध्ये नोंदला गेला, पण महागड्या औषधाने स्नायू काही महिने लुळा पडला तरी त्याला सोडायला शिकवावे लागतेच; भूल देणारी मलमे वेदना झाकतात, धास्ती नाही.

डच चाचणीतली सोबत चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत अशक्य नाही. ‘सर्च’ने 1980 च्या दशकापासून गावोगावच्या दायांना प्रशिक्षण दिले; गोंडी-माडिया बोलणाऱ्या बाईशी तिच्या भाषेत अंगाविषयी बोलू शकणाऱ्या बायका त्यांतच होत्या. चंद्रपूरला 2015 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीत जिल्हा महिला रुग्णालय. अडचण अंतराची. भामरागडची बाई दीडशेहून अधिक किलोमीटर दर आठवड्याला येऊ शकत नाही, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ताच तुटतो. सुदैवाने हा घरी करायचा उपचार आहे. एकदोन लांबलचक भेटी, हातात संच किंवा नुसती माहिती, आणि मग आशाताई किंवा परिचारिकेची विचारपूस एवढ्यावर तो पुढे सरकतो. भीती, नैराश्य किंवा अत्याचाराच्या आठवणी वर आल्या तर 14416 या ‘टेलिमानस’ क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते.

व्हजायनिस्मस असताना गर्भ राहू शकतो. वीर्य योनिमुखाशी पडले तरी ते शक्य असते. प्रसूतीही नैसर्गिक मार्गाने होऊ शकते. केवळ या विकारापायी सिझेरियन करण्याचे कारण नाही. प्रसूतिवेदनांत मात्र आतून वारंवार तपासणी होते, आणि ‘पाय पसर, नाटक करू नको’ असे कोणी दरडावले तर महिन्यांची मेहनत एका रात्रीत वाया जाते. म्हणून गरोदरपणाच्या कार्डावरच तशी नोंद असावी आणि तपासण्या मोजक्या, सांगून, श्वासाच्या लयीत व्हाव्यात. टाके पडले असतील तर ते पूर्ण भरल्यावर, साधारण सहा आठवड्यांनी डॉक्टरांना विचारून, सगळ्यात लहान मापापासून सराव पुन्हा सुरू करता येतो. या खेपेला तो पहिल्यापेक्षा लवकर उरकण्याची शक्यता असते.