लिचफिल्डची दक्षिणोत्तर वारुळं

ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरातून स्टुअर्ट महामार्गाने दक्षिणेला निघालं, की साधारण तासाभराने बॅचलरचा फाटा लागतो. रम जंगलच्या युरेनियम खाणीतल्या कामगारांसाठी वसलेलं हे छोटं गाव मागे पडलं, की लिचफिल्ड राष्ट्रीय उद्यान येतं. बहुतेकांना तिथल्या धबधब्यांखाली डुंबायची घाई असते. पण त्याआधी वारुळांच्या मैदानापाशी गाडी थांबवाच.

सपाट, जवळजवळ बिनझाडाच्या गवतात राखाडी वारुळं दूरवर उभी आहेत. कुऱ्हाडीची पाती धार वर करून रोवावीत तशी, तळाशी जाड आणि माथ्याला निमुळती. कित्येक माणसापेक्षा उंच. सगळ्यांच्या अरुंद कडा दक्षिणोत्तर, रुंद भिंती पूर्व-पश्चिमेला.

ही शिस्त पाण्याने लावली आहे. पावसाळ्यात हे मैदान पाण्याखाली जातं. एरवी ऊन वाढलं की वाळवी जमिनीत खोल उतरते. इथे ती वाटच बंद. अन्नासाठी साठवलेल्या गवतासकट सगळा संसार जमिनीच्या वरच, म्हणून ऊनही वरच सांभाळायचं. सकाळी पूर्वेची भिंत ऊब धरते. भर दुपारी सूर्याला सापडते ती फक्त कड. 1970च्या दशकात संशोधकांनी काही वारुळं कापून पूर्व-पश्चिम फिरवून ठेवली, तेव्हा ती आतून जास्त तापली.

बांधणारे कामकरी कीटक मात्र आंधळे असतात! पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना जाणवतं, असं प्रयोगांतून दिसलं आहे. इथे सगळे यांना ‘चुंबकीय वारुळं’ म्हणतात, ते मात्र त्यांच्या दक्षिणोत्तर रोखावरून.

जवळच, पाणी न साचणाऱ्या जमिनीवर दुसऱ्या जातीच्या वाळवीची तांबूस वारुळं आहेत, पाच मीटरपर्यंत चढलेली. पर्यटक फोटो काढतात ते यांच्यासोबत. यांना मात्र दिशेचं बंधन नाही, कारण पायाखालची जमीन कोरडी. दोन्ही लागोपाठ पाहिली, की पाण्याचा मुद्दा आपोआप पटतो.

महामार्गाच्या कडेच्या वारुळांना शर्ट, टोप्या चढवायची हौस इथल्या प्रवाशांना आहे. मला ती मुळीच आवडत नाही. पिढ्यान् पिढ्या, कणाकणाने वाढलेलं ते घर आहे, आत जिवंत वसाहत नांदते आहे.

मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ जायला बरा. लाकडी पायवाटेवरूनच पाहा आणि शक्यतो सकाळीच पोहोचा. पूर्वेची भिंत उजळलेली आणि पश्चिमेची सावलीत असते, तेव्हा दिशा ओळखायला होकायंत्र लागत नाही.