रस्ता खणताना भेटलेला शिव

आज महाशिवरात्र. पहाटेची स्नाने उरकून घरोघरी देवघरातील पिंडीवर पहिली जलधारा पडली असेल. ताम्हणात बेलाची त्रिदळे निवडून ठेवली असतील. स्वयंपाकघरात वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी यांची सिद्धता चालू असेल. थोड्याच वेळात मुंबापुरीतील भाविकांचे लोंढे बाबुलनाथाच्या पायऱ्यांकडे, वाळकेश्वराकडे आणि आपापल्या वाडीतील शिवालयाकडे वळतील. आम्हीही वर्षानुवर्षे याच वाटेने जात आलो.

गतवर्षी याच सुमारास वाईहून एक वयोवृद्ध स्नेही आमच्याकडे उतरले होते. कृष्णाकाठच्या घाटांवर ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना मुंबईचे देव दाखवावे असे आम्ही मनात योजिले होते. चहाचा पेला खाली ठेवीत त्यांनी सहज विचारले, “अहो, तुमच्या या शहरात जुना, शिल्पातला शिव कोठे पाहावा?” आम्ही तत्परतेने घारापुरीचे नाव सांगितले. ते हसून म्हणाले, “ती झाली बेटावरची गोष्ट. मी शहरातला विचारतो आहे. तुम्ही ज्या रस्त्याने रोज कचेरीला जाता, त्या रस्त्यावरचा.”

आम्ही निरुत्तर झालो. चाळीस वर्षे ज्या नगरीचे अन्न खाल्ले, तिच्या चौकांत, उद्यानांत, गल्लीबोळांत कोणते दगड उभे आहेत आणि ते काय सांगतात, हे आम्ही कधी मान वर करून पाहिलेच नव्हते. त्या एका प्रश्नाने आम्हास घराबाहेर काढले. त्या भ्रमंतीत जे पाहिले, ते आज या पुण्यपर्वी वाचकांपुढे ठेवीत आहो.

परळचा बारादेवी

पहिला शोध परळला लागला. गिरणगावाच्या या भागातून आमची आगगाडी सहस्र वेळा गेली असेल. येथे परळहून शिवडीकडे जाणाऱ्या रस्त्याचे काम 1931 साली चालू होते. कुदळीखाली एक प्रचंड शिळा लागली. माती बाजूस सारली तेव्हा तीवर शिवाचे रूप प्रकटले. तज्ज्ञांनी पुढे तिचा काळ पाचव्या-सहाव्या शतकातला ठरविला. घारापुरीच्या लेण्यांच्या थोडे आधीचे हे काम असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे गिरण्यांच्या धुराड्यांखाली, कामगारांच्या पावलांखाली, सुमारे दीड हजार वर्षांचा शिव मातीत निजलेला होता!

ती शिळा आज जवळच्याच बारादेवी मंदिरात, स्वतंत्र दालनात उभी आहे. फिकट पांढुरक्या दगडाची, माणसाच्या उंचीच्या जवळजवळ दुप्पट. मधोमध तळाशी एक शिव उभा आहे. त्याच्या खांद्यामागून दुसरा शिव वर येतो. त्या दुसऱ्यामागून तिसरा, आणि या सर्वांत वरच्याला अनेक बाहू आहेत. दोन्ही अंगांना झाडाच्या फांद्या फुटाव्यात तशा आणखी चार मूर्ती तिरप्या बाहेर झेपावतात. सात मूर्ती, पण एकाच देहातून उमललेल्या. पायथ्याशी वाद्ये घेतलेले शिवगण बसले आहेत. खालचा काही भाग मात्र अपुराच राहिलेला दिसतो. कोणत्या कारणाने त्या शिल्पकाराच्या हातची छिन्नी थांबली असेल, हा विचार तेथून निघाल्यावरही आमच्या मनातून जाईना.

दालनाशी एक वृद्धा हात जोडून उभी होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, अंगावर धुवट नऊवारी. आम्ही विचारले, “आजी, हा कोणता देव?”

“शंकरच की! दुसरा कोण?”

“पण येथे तर सात दिसतात.”

आजींनी आमच्याकडे किंचित कीव आल्यागत पाहिले. “दिसतात सात. हाये एकच.”

आमचे स्नेही आयुष्यभर ग्रंथ वाचीत आले आहेत. बाहेर आल्यावर ते हळूच म्हणाले, “पंडितांना ज्याकरिता पाने खर्ची घालावी लागतात, ते बाईंनी चार शब्दांत सांगितले.”

या शिळेची साच्यावरून केलेली प्रतिकृती पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. तेथे जाऊन ती निवांतपणे न्याहाळता येते. मूळ शिळा मात्र परळच्या वस्तीतच राहिली. तिच्यापुढे आजही दिवा लागतो, फूल वाहिले जाते आणि आजींसारखी माणसे तिला ‘आमचा देव’ म्हणतात. केंद्र सरकारच्या पुरातत्त्व विभागाने तिला राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून संरक्षण दिले आहे. कायद्याचे कवच तिला आहेच. त्या कवचाच्या आत वस्तीच्या भक्तीची ऊबही आहे.

घर सुटलेला हत्ती

परळहून भायखळा ते कितीसे दूर! त्याच दिवशी दुपारी आम्ही राणीच्या बागेत, आताच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात शिरलो. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयापाशी उघड्यावर एक काळा पाषाणाचा हत्ती उभा आहे. बालपणी या हत्तीला टेकून आम्ही शेंगदाणे खाल्ले आहेत. एक छायाचित्रही घरी कोठेतरी असेल. तो कोण, कोठला, हे विचारावे असे तेव्हा सुचले नाही आणि नंतरही नाही.

तो घारापुरीचा हत्ती आहे. बेटावर उतरताच शिवाच्या लेण्यांकडे येणाऱ्यांना तो सामोरा येई. पोर्तुगीज आले तेव्हा या हत्तीवरूनच त्यांनी बेटाला नाव दिले. आज जग त्या लेण्यांना ‘एलिफंटा’ म्हणून ओळखते. 1814 साली त्याचे मस्तक व मान ढासळली. 1864 साली त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना यारी तुटली आणि हत्तीचे तुकडे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईस आणण्यात आले आणि 1914 साली याच बागेत जोडून तो पुन्हा उभा करण्यात आला. जोडाच्या रेषा नीट पाहणाऱ्याला अद्याप दिसतात.

ज्या शिवाच्या दारात तो उभा होता, तो सदाशिव समुद्रापलीकडे घारापुरीच्या गुहेत आपली तीन मुखे घेऊन ध्यानस्थ आहे. 1987 साली त्या लेण्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. तेथे देशोदेशींचे प्रवासी जातात. द्वारीचा सेवक मात्र येथे भायखळ्यास, पोरांच्या कलकलाटात उभा आहे. समोरून कुटुंबेच्या कुटुंबे जात होती. अर्ध्या तासात त्याच्यापाशी थांबून त्याच्याकडे पाहणारे आम्हास कोणी आढळले नाही. परळचा शिव मातीत पुरला होता तरी त्याला घर सापडले. हा हत्ती डोळ्यांसमोर असून बेघर आहे, असे त्या क्षणी वाटून गेले.

याच बागेत आणखी एक विस्थापित आहे. इंग्लंडचा युवराज असताना आलेल्या सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा अल्बर्ट ससून यांनी शहराला दिला होता. शिल्पकार बोहेम, साल 1879. स्वातंत्र्यानंतर, 1965 साली, परकी सत्तेची अशी स्मारके चौकांतून हलविण्यात आली आणि तो पुतळा येथे आला. पण मौज अशी, की लोकांनी राजाला कधी लक्षात ठेवलेच नव्हते. त्यांनी घोडा तेवढा आपला मानला होता. घोडा गेला तरी त्या भागाचे नाव ‘काळा घोडा’ हेच राहिले. पुढे अर्धशतकानंतर, 2017 साली, त्या ठिकाणी नवा काळा घोडा उभारला गेला. त्याच्या पाठीवर स्वार नाही. राजाला उतरवून घोडा परत बोलाविण्याचे हे सामर्थ्य लोकांच्या जिव्हाळ्याचे आहे, कोणा सत्तेचे नव्हे.

एक्सरचे वीर

स्नेही वाईस परतण्यापूर्वीच्या रविवारी त्यांनी आणखी एक ठिकाण पाहण्याची इच्छा दर्शविली. त्यांनी कोणत्याशा जुन्या गॅझेटिअरमध्ये त्याविषयी वाचले होते. म्हणून आम्ही पश्चिम रेल्वेने बोरिवलीस उतरून एक्सर गावठाणात गेलो. इमारतींच्या दाटीत, माणसांच्या राहत्या वस्तीत, तेथे मध्ययुगीन वीरगळ उभे आहेत. रणात पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ जो कोरीव दगड उभारतात तो वीरगळ. महाराष्ट्राच्या खेडोपाडी, बहुधा शिवालयाच्या आवारात, असे दगड आढळतात. परंतु एक्सरच्या वीरगळांचे वैशिष्ट्य आगळे आहे. त्यांपैकी काहींवर समुद्रावरचे युद्ध कोरलेले आहे: वल्ह्यांच्या रांगा असलेली गलबते, त्यांवर उभे योद्धे, आणि तुंबळ संग्राम. कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यात 1265 च्या सुमारास झालेल्या युद्धाशी त्यांचा संबंध अनेक इतिहासकार जोडतात.

हे दगड खालून वर वाचावयाचे असतात. तळाच्या पट्टीत लढाई. तिच्यावर वीराचे पतन. त्याहून वर अप्सरा त्याला स्वर्गाकडे नेत आहेत. आणि अगदी वर, कळसाखाली, कैलास. तेथे तो वीर शिवलिंगापुढे हात जोडून आहे. जीवनाच्या धकाधकीतून, मरणातून, अखेर शिवाच्या चरणी! पोथीतील अध्याय दगडात मांडावा तशी ही मांडणी आहे. आमच्या स्नेह्यांनी पायांतील वहाणा काढल्या आणि त्या अनाम वीरांना वाकून नमस्कार केला. शेजारच्या घरातील एक मुलगा कुतूहलाने पाहत होता. त्याने विचारले, “काका, यांच्यावर बोटी का काढल्यात?” स्नेह्यांनी त्याला जवळ घेऊन एकेक पट्टी बोटाने दाखवीत सारी कथा सांगितली. बोट दगडास लागणार नाही एवढी काळजी घेत.

पाहणे हीही पूजा

त्या बोटाच्या अंतरात आम्हास या सर्व भ्रमंतीचे सार सापडले. आम्ही भाविक माणसे दोन टोकांना जातो. जे देवळात आहे त्यावर तेल, शेंदूर, दूध यांचा मारा करतो, इतका की खालची रेषा पुसून जावी. जे देवळाबाहेर आहे त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पहिल्याने शिल्प झिजते, दुसऱ्याने ते विस्मरणात जाते. शिवाला एक बेलपत्रही पुरते, असे आपले वाडवडील सांगत आले. मग दीड हजार वर्षांच्या शिळेला आपली नम्र दृष्टी का पुरू नये? ‘दर्शन’ या शब्दाचा अर्थच मुळी पाहणे असा आहे. आपण दर्शनाला जातो, रांगेत उभे राहतो, आणि मूर्तीपुढे आलो की डोळे मिटून घेतो!

जे दगड आपले म्हणणारे कोणी असते, ते टिकतात. परळने आपला शिव आपलासा केला. काळा घोडा तर लोकांच्या जिभेवरच जगला. राणीच्या बागेतला हत्ती आणि एक्सरचे वीर आपली वाट पाहत आहेत. सरकारने कुंपण घालावे, फलक लावावा, डागडुजी करावी. ते त्याचे कर्तव्य होय. परंतु या दगडांची कथा मुलाबाळांना सांगण्याचे काम कोणत्याही खात्याकडे सोपविता येणार नाही. ते घरातल्या वडीलधाऱ्यांचेच.

आज सायंकाळी प्रदोषकाळी शिवालयात अवश्य जावे. पण येत्या रविवारी घरातील लहानांचे बोट धरून यांपैकी एखाद्या ठिकाणीही जावे. हार-फुले नेली नाहीत तरी चालेल. थोडा वेळ मात्र न्यावा.

आमचे स्नेही वाईस पोहोचल्यावर त्यांचे पत्र आले. त्यात क्षेमकुशलाखाली एकच ओळ होती: “त्या हत्तीपाशी मधूनमधून जात जा, त्याला ओळखीचे कोणी नाही.” तेव्हापासून महिन्यातून एकदा तरी आम्ही भायखळ्यास उतरतो. आजही, बाबुलनाथाचे दर्शन घेऊन परतताना, वाट थोडी वाकडी करण्याचा आमचा संकल्प आहे.