लेन्सची पारख

नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. फोटो काढणाऱ्या मंडळींच्या तोंडी या अंगणाचे नाव 'किट लेन्स' असे आहे. डिजिटल कॅमेरा विकत घेतला की त्याच्या खोक्यातच बहुधा एक लेन्स मिळते, ती किट लेन्स. पुष्कळदा ती १८ ते ५५ मिलिमीटरची असते. वजनाला हलकी, नळी प्लॅस्टिकची, किंमतही बेताची. त्यामुळे फोटो जरा पुसट आला की पहिला संशय हिच्यावर जातो. "फुकट मिळालेली लेन्स ती, तिच्यात काय दम असणार?" असे म्हणून आपण मोकळे होतो.

हा प्रश्न नुसत्या हौसेचा असता तर सोडून दिला असता. पण लहान गावात लग्नाचे, बारशाचे, शाळेच्या संमेलनाचे फोटो काढून चार पैसे मिळवणारा तरुण आज ठिकठिकाणी दिसतो. कपाशीच्या नाहीतर सोयाबीनच्या पैशांतून घरच्यांनी त्याला कॅमेरा घेऊन दिलेला असतो. चांगली नवी लेन्स घ्यायची तर कित्येकदा कॅमेऱ्याइतकेच पैसे पडतात. ती उसनवारी करून घेतली, आणि फोटो पूर्वीसारखेच पुसट आले तर? म्हणून पैसे मोजण्याआधी हातातल्या लेन्सची पारख करावी. ही पारख घरच्या घरी, एका सकाळी होते.

उदाहरणासाठी आपण वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडला जाऊ या. तेथे टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. हिंदू आणि मुसलमान दोघेही श्रद्धेने तेथे जातात. या टेकडीवर वाटोळे गोटे सापडतात. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, तेव्हा त्यांचा नारळ वगैरे सारा माल दगड होऊन गेला, अशी कथा लोक सांगतात. भूगर्भशास्त्र त्या गोट्यांना जिओलाइट जातीच्या खनिजाचे गोळे म्हणते. लाव्हाच्या काळ्या खडकातल्या पोकळ्यांत हे खनिज तयार होते.

समजा, मे महिन्यात तुम्ही तेथे तीन फोटो काढले. पहिला भर दुपारी, लांबच्या शेतातून टेकडीचा. दुसरा तळहातावर धरलेल्या गोट्याचा. तिसरा दिवेलागणीच्या वेळी, बाजूला बसलेल्या एका आजोबांचा, अर्थात त्यांना विचारून. घरी येऊन पाहता, तर तिन्ही पुसट! लेन्स तर एकच होती. मग दोष तिचाच ना?

जरा थांबा. एकेक फोटो नीट पाहू या.

टेकडीच्या फोटोत कडा लहरल्यासारख्या, पाण्यात पाहिल्यासारख्या दिसतात. हे काम उन्हाचे आहे. तापलेल्या जमिनीवरची हवा थराथरांनी कमीजास्त गरम होते आणि तिच्यातून येणारा प्रकाश वाकडातिकडा होतो. लाख रुपयांची लेन्स लावली तरी ती हवेच्या अलीकडेच राहणार. यावर उपाय एकच, सकाळी लवकर जाणे.

गोट्याच्या फोटोत गोटा पुसट आहे, पण मागचे गवत मात्र छान रेखीव आले आहे. म्हणजे लेन्स रेखीव चित्र काढू शकते. तिची नजर भलतीकडे लागली, इतकेच. या लेन्सना साधारण २५ सेंटिमीटरच्या, म्हणजे सुमारे एका वितीच्या, आतले दिसत नाही. शिवाय वस्तू जितकी जवळ, तितका रेखीव दिसणारा पट्टा अरुंद. तेव्हा थोडे मागे सरावे आणि फोकसचा ठिपका गोट्यावर नेमका ठेवावा.

आजोबांच्या फोटोत सगळेच एका दिशेने फराटल्यासारखे आहे. हा आपला हात हलला. मागची भिंत रेखीव असून फक्त आजोबा पुसट असते, तर आजोबा हलले असे समजायचे. ५५ मिलिमीटरवर, सर्वसाधारण मध्यम आकाराच्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात, शटर सेकंदाच्या १/८० ते १/१०० हून मंद असू नये, असा जुना ठोकताळा आहे. लेन्समध्ये कंप आवरण्याची सोय असेल तर हाताच्या बाबतीत थोडी सवलत मिळते; समोरचा माणूस हलला तर मात्र तिचा उपयोग नाही.

पाहिलेत ना? तीन पुसट फोटो, तीन वेगळी कारणे, आणि लेन्सवर अजून एकही आरोप शाबीत झालेला नाही.

आता प्रत्यक्ष लेन्सची परीक्षा. आधी तिची काच उजेडात तिरपी धरून पाहा. बोटाचा तेलकट ठसा असेल तर सगळे चित्र फिके, धुरकट येते. स्वच्छ मऊ फडक्याने तो हलके पुसावा. पावसाळ्याच्या दमट हवेत आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढली असेल, तर ते घरचे काम नव्हे.

मग सावलीतल्या, सारखा उजेड असलेल्या भिंतीवर वर्तमानपत्राचे पान चारी कोपरे ताणून चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा. ट्रायपॉड नसेल तर भक्कम टेबलावर पुस्तके रचून भागते. पान चौकटीत काठोकाठ बसवा. कॅमेरा भिंतीशी अगदी समोरासमोर हवा. तिरका राहिला तर एक बाजू पुसट येईल आणि बोल लेन्सला लागेल. आयएसओ १०० ठेवा. कंप आवरण्याची सोय बंद करा. मागच्या पडद्यावर चित्र मोठे करून अक्षरांवर फोकस साधा. बटण दाबतानाही धक्का बसतो, म्हणून सेल्फ-टायमर लावा. आता लेन्सचे छिद्र बदलत फोटो काढा: आधी पूर्ण उघडे, मग एफ ८, एफ ११, एफ १६ आणि एफ २२. हेच १८, ३५ आणि ५५ मिलिमीटरवर करा. दर वेळी फोकस नव्याने साधायचा आणि दोन-दोन फोटो घ्यायचे, म्हणजे एखादी चूक झाली तरी निकाल बिघडत नाही.

निकाल असा वाचावा. छिद्र पूर्ण उघडे असताना मधली अक्षरे स्वच्छ आणि कोपऱ्यातली थोडी विरघळलेली दिसली, तर घाबरू नका. बहुतेक लेन्सचे असेच असते. एफ ८ च्या आसपास कोपरेही सुधारतात आणि साध्या लेन्सचे उत्तम काम तेथेच दिसते. एफ २२ ला चित्र पुन्हा मऊ पडेल. फार लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो. हा निसर्गाचा नियम आहे, महागड्या लेन्सलाही तो चुकत नाही. मात्र सगळे नीट करूनही एकच बाजू सतत पुसट येत असेल, तर आतली एखादी काच जागेवरून सरकली असावी. कॅमेरा उलटा करून पुन्हा एक फोटो घ्या. पुसटपणा लेन्सबरोबर पानाच्या दुसऱ्या बाजूला गेला, तर दोष लेन्सचा. तो जागचा हलला नाही, तर दोष आपल्या मांडणीचा.

यापुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे: पुरेशी रेखीव म्हणजे कशासाठी पुरेशी? २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र ६००० बाय ४००० ठिपक्यांचे असते. संगणकावर ते पूर्ण मोठे करून पाहणे म्हणजे साध्या पडद्याच्या मापाने पाच फुटांहून रुंद चित्र नाकाजवळ धरून तपासणे होय. असे कोणी भिंतीवरचे चित्र पाहत नाही. ४ बाय ६ इंचांच्या फोटोला, इंचाला ३०० ठिपके धरले तरी, सुमारे २२ लाख ठिपके पुरतात. ८ बाय १२ इंचांच्या फोटोला ८६ लाख. म्हणजे अल्बममधल्या आणि बैठकीतल्या फोटोंसाठी निरोगी किट लेन्स सहज पुरते. तुमचा निवाडा तेथेच करा: ८ बाय १२ चा एक फोटो छापून घ्या आणि हातभर अंतरावरून पाहा. नजरेला खटकला नाही, तर लेन्स पास.

भर उन्हात तर ही लेन्स कोणाला हार जात नाही. आयएसओ १०० आणि एफ ८ ठेवले, तर शटर सेकंदाच्या सुमारे १/४०० पर्यंत जाते; हात हलण्याची भीतीच उरत नाही. तिची खरी अडचण अंधारात आहे. ५५ मिलिमीटरवर तिचे छिद्र एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. ५० मिलिमीटरची, एफ १.८ ची साधी लेन्स तिच्यापेक्षा नऊपटींहून अधिक प्रकाश आत घेते. रात्रीच्या मांडवात रोज काम असेल, तर पहिली खरेदी ही करावी. ती झूम होत नाही, आपणच मागेपुढे व्हायचे. पण पुष्कळ झूम लेन्सपेक्षा ती स्वस्त पडते. तोवर आयएसओ १६०० पर्यंत वाढवावा, दाराखिडकीच्या उजेडाकडे माणसाला बसवावे आणि आपण कोपर भिंतीला टेकवावे.

याच वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्रामात गांधीजींच्या पुतण्याचे चिरंजीव कनू गांधी फोटो काढत असत. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्यांना रोलिफ्लेक्स कॅमेरा मिळाला होता. गांधीजींच्या अटी कडक होत्या: फ्लॅश वापरायचा नाही, मी फोटोसाठी थांबणार नाही आणि आश्रम खर्च देणार नाही. रोलिफ्लेक्स हा उत्तम कॅमेरा खरा, पण त्याची लेन्स काढून दुसरी लावता येत नाही. जी होती तिच्यावर आणि कुटीत येईल त्या उजेडावर त्यांना भागवावे लागले. गांधीजींच्या अखेरच्या दहाएक वर्षांचे किती जवळचे दर्शन त्या फोटोंतून घडते, हे आपण जाणतोच.

तेव्हा वाचकहो, आधी वर्तमानपत्राचे एक पान आणि एक सकाळ खर्च करा. लेन्स नापास झाली तर दुरुस्तीला न्या, नाहीतर खुशाल दुसरी घ्या; त्यात काही वावगे नाही. पण पास झाली, तर ते पैसे गाठीला राहू द्या आणि पुढच्या खेपेस गिरडला सकाळी लवकर जा. गोटे तेच असतील, टेकडीही तीच असेल. फोटो मात्र वेगळे येतील.