अंबाडी खा, पण गोळी सोडू नका

अंबाडी, चाकवत, तांदुळजा, घोळ या भाज्या आपल्या आज्यांनी शेतातून, बांधावरून खुडून आणल्या आणि चुलीवर मंद आचेवर शिजवल्या. ‘गरिबाचं खाणं’ म्हणून कुणी नाकं मुरडली, तरी त्यांत लोह, कॅल्शियम, फॉलेट आणि चोथा असतो. त्यातलं ताटात किती येतं, हे मात्र शिजवण्यावर ठरतं.

भाजी तासभर शिजली तरी लोह आणि कॅल्शियम जळून जात नाही. पाला मऊ होतो, फोडणीला तेल असतं, त्यामुळे त्यातलं कॅरोटीन शरीराला सहज मिळतं. ‘क’ जीवनसत्त्व आणि फॉलेट मात्र उष्णतेनं घटतात, पाण्यातही उतरतात. अंबाडी उकळून पाणी पिळून टाकलं, की ते मोरीत जातात. त्याऐवजी तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्या वाढवा. आंबटपणा आपोआप कमी लागतो. पाला आधी धुवा, मग चिरा. झाकण ठेवा, सोडा घालू नका. मुतखडा असलेल्यांनी तांदुळजा, घोळ, पालक यांचं उकळलेलं पाणी मात्र टाकावं आणि किती खायचं ते डॉक्टरांना विचारावं.

पालेभाजीतलं लोह शरीर थोडंच शोषून घेतं. म्हणून भाजी उतरवल्यावर वरून लिंबू पिळा, नाहीतर सोबत पेरू किंवा आवळा खा. जेवणावर लगेच चहा नको, तासभर थांबा.

आता महत्त्वाचं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या दर 100 स्त्रियांपैकी 57 जणींना रक्तक्षय आढळला. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं, की तो रक्तक्षय. तो एकट्या भाजीनं भरून निघत नाही. सरकारी लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, 180 दिवस; बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. गोळीनं शी काळी होते, घाबरू नका. मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर घ्या. आशाताईंकडे, उपकेंद्रात ती फुकट मिळते.

आणखी एक. घरात सगळ्यांचं झाल्यावर बाई जेवते, तेव्हा भांड्यात भाजीचा रस्सा तेवढा उरतो. गरोदर लेकीला, सुनेला पंगतीत सोबत बसवा. भाजी आधी तिच्या ताटात वाढा.