काशीला जाताय? एक सकाळ सारनाथला द्या

घाट झाले की दहा किलोमीटरवरचं सारनाथ पायी फिरा. चढ नाही, दमछाक नाही. आधी चौखंडी स्तूप: विटांच्या टेकाडावरचा अष्टकोनी मनोरा अकबराच्या काळातला, 1588 चा, हुमायूनच्या आठवणीसाठी बांधलेला. उत्खननाच्या आवारात धर्मराजिका स्तूपाचा नुसता गोल पाया उरलाय. 1794 मध्ये काशीच्या जगतसिंहाच्या माणसांनी विटा-दगडांसाठी तो पाडला, काय म्हणावं! धमेख स्तूपापाशी मात्र रेंगाळाच. दगडी पट्ट्यावर गुप्तकालीन वेलबुट्टी, तिच्यात मध्येच पक्षी, माणसं. तिथून मृगवनाची झाडी, सारंगनाथ मंदिराजवळचं तळं. अशोकस्तंभाचे चार सिंह जवळच्या संग्रहालयात आहेत, तेव्हा शुक्रवार टाळा. त्या दिवशी ते बंद असतं.