जुन्या गाडीचे टायर निवडताना आधी मागचं बघा

जुनी पद्मिनी किंवा ओम्नी घेऊन टायरच्या दुकानात गेलं, की ठरलेला संवाद होतो. ‘साहेब, या मापात आता काही येत नाही. हा बसवा, जरा रुंद आहे, गाडी रस्त्याला चिकटून चालेल.’ टायर रुबाबदार दिसतो, भावही बरा असतो. मालक मान डोलावतो. दुकानदाराचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा खरं असतं. दुसरं मात्र कोरड्या, सपाट रस्त्यापुरतंच खरं, आणि आपल्याकडे वर्षातले चार महिने रस्ता कोरडा नसतो.

मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. अॅम्बेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, ओम्नीचं २०१९ मध्ये. तरी हौसेनं जपलेल्या पद्मिनी आहेत, कोकणात आणि गोव्यात रोज राबणाऱ्या ओम्नी आहेत, गावोगावी सुमो आणि क्वालिस आहेत. या सगळ्या गाड्यांमध्ये इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते. शिवाय यातल्या बहुतेकींना एबीएस नाही आणि घसरती गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही नाही. नव्या गाडीत टायर कमी पडला तर संगणक थोडंफार सांभाळून घेतो. इथे टायर कमी पडला की पुढचं सगळं चालवणाऱ्याच्या हातात. म्हणून अशा गाडीला ‘सगळ्या ऋतूंत चालेल असा’ टायर घेताना विचार मागच्या चाकांपासून सुरू करावा लागतो.

चढाला भक्कम, उताराला हलकी

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ओढण्याचं आणि वळण्याचं काम पुढचेच टायर करतात. मागून ढकलल्या जाणाऱ्या गाडीत हे काम वाटलेलं असतं. पुढची चाकं दिशा देतात, मागची ढकलतात. चढावर गाडीचं वजन मागे सरकतं आणि नेमकी ढकलणारी चाकं रस्त्यावर दाबली जातात. खचाखच भरलेली सुमो घाट चढून जाते, त्यात या मांडणीचा मोठा वाटा आहे.

उतारावर हिशोब उलटा होतो. आंबोली किंवा वरंध घाटातला पावसाळी उतार डोळ्यांसमोर आणा. गाडीत चालवणारा एकटाच, मागची बाजू रिकामी. वळण जवळ आल्यावर तो गिअर तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकतो आणि क्लच झटकन सोडतो. इंजिनाचा सगळा अटकाव फक्त मागच्या चाकांवर येतो. उतारामुळे वजन आधीच पुढे गेलेलं, रस्त्यावर दरडीतून वाहून आलेल्या लाल मातीचा थर. मागची चाकं क्षणभर फिरण्याऐवजी घसटतात आणि गाडीची शेपूट बाहेर फेकली जाते.

पुढची चाकं घसरली तर गाडी वळायचं सोडून सरळ जाते. तेही वाईटच, पण अॅक्सिलरेटर सोडला की वेग उतरतो आणि पुष्कळदा पकड परत येते. मागची चाकं सुटली की गाडी गिरकी घेऊ लागते. तिला सावरायला ब्रेक न दाबता, ज्या बाजूला शेपूट गेली त्याच बाजूला स्टिअरिंग तत्काळ आणि मोजून फिरवावं लागतं. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत हे भल्याभल्यांना जमत नाही. म्हणून मागच्या टायरची ओल्यातली पकड हाच निवडीचा पहिला निकष.

नक्षी आणि हवा

टायरवरच्या नक्षीचं मुख्य काम पाणी बाहेर टाकणं. टायर आणि डांबर यांच्यामधलं पाणी खाचांतून वेळेत निघून गेलं नाही तर टायर पाण्यावर तरंगू लागतो. स्टिअरिंग अचानक हलकं लागतं आणि ब्रेक दाबून उपयोग होत नाही. म्हणून मधला सरळ पट्टा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना रुंद, उभ्या खाचा असलेली साधी नक्षी आपल्या कामाची. जाड बटणांची, चिखलासाठी केलेली नक्षी शेतरस्त्यावर शोभते. ओल्या डांबरावर तिची पकड सहसा कमी पडते.

नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग करून या तरंगण्याचं एक ढोबळ सूत्र मांडलं. ज्या वेगाला टायर तरंगू लागतो, तो वेग टायरमधल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळाशी निगडित असतो. मोटारीच्या टायरला ते तंतोतंत लागू पडत नाही, पण अंदाज बरा देतं. साचलेल्या पाण्यात गोटा झालेल्या टायरमध्ये ३० पीएसआय हवा असेल तर धोका ताशी ९० किलोमीटरच्या आसपास सुरू होतो. हवा २० पीएसआयपर्यंत उतरली असेल तर तो ७५ च्या आसपासच येऊन ठेपतो. खर्च शून्य आणि फरक एवढा. नक्षी चांगली खोल असेल तर ही मर्यादा आणखी वर जाते.

मोटारीच्या नव्या टायरची नक्षी साधारण सात ते आठ मिलिमीटर खोल असते. कायद्यानं ती १.६ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. हे ओळखण्यासाठी खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायरचं आयुष्य संपलं. मात्र ही शेवटची हद्द आहे. शेपूट फेकणाऱ्या गाडीचे मागचे टायर तीन मिलिमीटरला आले की पावसाळ्यापूर्वीच बदलावेत.

रुंद टायरचा मोह

पद्मिनीचं मूळ माप ५.२०-१४, अॅम्बेसेडरचं ५.९०-१५. ही जुन्या इंची पद्धतीची मापं आज सहज मिळत नाहीत. पद्मिनीवाल्यांचं त्यातल्या त्यात बरं आहे. स्विफ्ट आणि डिझायरच्या साध्या मॉडेलांना लागणारं १६५/८० आर १४ हे माप कुठल्याही दुकानात मिळतं आणि त्याची उंची मूळ टायरच्या जवळ जाते. हिशोब सोपा आहे. १६५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये. तिचे ८० टक्के म्हणजे १३२ ही कडेची उंची. ती दुप्पट करून १४ इंच रिमचे ३५६ मिळवले की एकूण उंची ६२० मिलिमीटर. मूळ टायर ६१० च्या आसपास. एवढा फरक चालतो.

आता दुकानदाराचा तो रुबाबदार १८५/६० आर १४ घ्या. त्याची उंची भरते ५७८ मिलिमीटर. गाडी दीड-दोन सेंटिमीटर खाली बसते आणि गावातल्या प्रत्येक गतिरोधकावर पोट घासते. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी खरी ७५ च्या आसपास धावत असते आणि इंजिन उगाच जास्त फिरतं. अरुंद रिमवर रुंद टायर नीट बसत नाही, स्टिअरिंग जड होतं, जुन्या बेअरिंगांवर ताण येतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हलक्या गाडीचं तेवढंच वजन जास्त रुंदीवर पसरल्यानं टायर पाणी कापण्याऐवजी त्यावर लवकर चढतो. जुन्या गाडीला अरुंद टायर दिला होता, त्यामागे कंजुषी नव्हती.

अॅम्बेसेडरच्या मालकांनी १५ इंची रिमसाठी टायर बघताना सावध राहावं. बाजारात या रिमचे पुष्कळ टायर जीपवर्गातल्या गाड्यांचे आहेत. बोलेरोचा २१५ मिलिमीटर रुंद टायर अॅम्बेसेडरसाठी नाही. कोणतंही पर्यायी माप बसवलं की स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि मागे चार माणसं बसवून टायर कुठे घासत नाही ना, ते दुकानातच बघावं.

नायलॉन की रेडियल?

दुकानात ज्याला ‘नायलॉन’ म्हणतात तो जुन्या बांधणीचा टायर. त्याच्या आतले धागे एकमेकांना तिरके छेदत जातात. रेडियलमध्ये धागे आडवे असतात आणि नक्षीखाली पोलादी पट्टा असतो. त्यामुळे वळताना कड वाकते, पण नक्षी रस्त्यावर सपाट टेकलेली राहते. रेडियलची पकड जास्त, झीज कमी. रोज चालणाऱ्या गाडीला रेडियलच घ्यावा. फक्त प्रदर्शनात मिरवणाऱ्या आणि मूळ रूप जपायचं असलेल्या गाडीला नायलॉन ठीक.

दोन्हींची भेळ मात्र जिवावर बेतू शकते. एकाच आसावर एक रेडियल आणि एक नायलॉन कधीही नको. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन हे तर सर्वांत धोकादायक, कारण पुढची पकड मागच्यापेक्षा जास्त झाली की वळणावर शेपूट सुटते. नाइलाजच असेल तर रेडियल मागे. पण नाइलाज होऊ न देणं उत्तम.

जुन्या रिमांचा आणखी एक प्रश्न. ट्यूबलेस टायरसाठी केलेल्या रिमच्या आतल्या बाजूला एक बारीक उंचवटा असतो. हवा कमी झाली तरी तो टायरची कड निसटू देत नाही. पुष्कळ जुन्या रिमांना हा उंचवटा नसतो. तिथे रेडियलमध्ये त्याच मापाची, रेडियलसाठी चालणारी नवी ट्यूब घालावी. रिम गंजलेली किंवा वाकलेली असेल तर आधी रिम बदलावी.

टायरच्या कडेवर काय वाचायचं

पैसे देण्यापूर्वी उकिडवं बसून टायरची कड वाचावी. ‘डीओटी’ या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालातला तेविसावा आठवडा. कमी खपाच्या मापांचे टायर दुकानात वर्षानुवर्षं पडून राहतात, म्हणून जुन्या गाडीवाल्यांनी हे आकडे न चुकता बघावेत. दोन वर्षांपेक्षा जुना माल ‘नवा’ म्हणून घेऊ नये. हौशी गाडी कमी चालते, त्यामुळे तिचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. रबर कडक होतं, कडेला बारीक भेगा पडतात, नक्षी शाबूत दिसते आणि पकड गेलेली असते. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करावी आणि दहा वर्षांच्या पुढे कितीही नवा दिसला तरी टायर वापरू नये.

मापाच्या पुढचा आकडा वजनाचा. ७४ म्हणजे एक टायर ३७५ किलो पेलतो, ८२ म्हणजे ४७५ किलो. गाडीच्या पुस्तकात दिलेल्यापेक्षा कमी आकडा घेऊ नये. विशेषतः ओम्नीला, कारण तिच्यात माल आणि माणसं दोन्ही कोंबली जातात. त्यापुढचं अक्षर वेगाचं. एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०. आपल्या गाडीला तेवढं पुरून उरतं, वरच्या अक्षरासाठी जास्त पैसे मोजू नयेत. आयएसआयची खूण असायलाच हवी. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं टायरच्या ओल्या रस्त्यावरच्या पकडीचे किमान निकषही ठरवून दिले. ताज्या उत्पादनाचा टायर घेण्याचं हे आणखी एक कारण.

‘ऑल सीझन’ या शिक्क्याला मात्र भुलू नये. युरोप-अमेरिकेत तो शब्द बर्फाशी निगडित आहे. थर्मामीटर सात अंशांच्या खाली गेला की उन्हाळी टायरचं रबर ताठरतं, म्हणून तिथे मऊ राहणाऱ्या रबराचे टायर लागतात. विदर्भातल्या मे महिन्यात त्याचा काय उपयोग? आपले ऋतू दोन. तापलेलं डांबर आणि वाहतं पाणी. आपल्या कंपन्यांचा साधा रेडियल या दोन्हींसाठीच बनतो.

दोनच टायर घ्यायचे असतील तर

चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि एकाच वेळी घेतलेले असावेत, हे उत्तम. खिसा नाही म्हणत असेल तर दोन घ्यावेत आणि ते मागे टाकावेत. ‘स्टिअरिंग पुढे आहे, नवे टायर पुढे’ हा सल्ला दुकानात हमखास मिळतो. तो ऐकू नये. अर्थात पुढे गोटा ठेवून चालणार नाही. पुढच्यांचीही नक्षी पुरेशी हवी.

नवे टायर घालूनही गाडी टायर खात असेल तर दोष टायरचा नसतो. अलाइनमेंट, किंग पिन, बुश आणि मागच्या पाट्या आधी बघाव्यात. हवा महिन्यातून दोनदा, टायर थंड असताना तपासावी. जुन्या पुस्तकातले आकडे नायलॉनसाठी दिलेले असतात. रेडियलला सहसा थोडी जास्त हवा लागते. नायट्रोजनचा आग्रह धरायचं कारण नाही, साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच.

थोडक्यात, मूळ उंचीच्या जवळचा, फार रुंद नसलेला, ताज्या तारखेचा साधा रेडियल, चारही एकसारखे. हेच जुन्या गाडीचे बारमाही टायर. यंदा मृगापूर्वी एकदा गाडीच्या मागे उकिडवे बसा, तारीख वाचा आणि नक्षीची खोली मोजा. तीन मिलिमीटरच्या खाली असेल तर घाटाचा बेत नंतर, दुकान आधी.